चमचाभर पुडीत आहे तरी काय? कॉफीतल्या औषधी अळंबीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून एकाच विषयावर बरीच पत्रं आली. मशरूम कॉफी, म्हणजे औषधी अळंबीची पूड घातलेली कॉफी. कुणाला ती शेजारच्यांनी दिली, कुणी मोबाइलवर जाहिरात पाहून मागवली, कुणाच्या घरात तिच्यावरून वाद सुरू आहे. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे.

पाकिटावर रेशी, लायन्स मेन, चागा, कॉर्डिसेप्स अशी नावं आहेत. ही नेमकी काय आहेत? आणि खरंच उपयोग होतो का? (एक वाचक, जळगाव)

चारही बुरशीवर्गातल्या आहेत, पण एकमेकींपासून फार वेगळ्या. रेशी म्हणजे गॅनोडर्मा: लाकडासारखी टणक, वरून वार्निश मारल्यासारखी तांबूस चकाकणारी आणि चवीला कडूजहर. लायन्स मेन ही पांढऱ्या दाढीसारखी लोंबणारी अळंबी, तिची भाजीही करतात. चागा थंड देशांत बर्चच्या झाडावर काळ्या गाठीसारखी वाढते. सातपुड्यात ती होत नाही, त्यामुळे ‘सातपुड्यातला अस्सल चागा’ असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका. कॉर्डिसेप्सबद्दल अमळनेरच्या ताईंनी वेगळं विचारलं आहे, त्याचं उत्तर पुढे आहे.

या सगळ्यांत जो घटक महत्त्वाचा मानतात तो बीटा-ग्लुकन. अळंबीच्या पेशीच्या भिंतीतला हा एक तंतुमय पदार्थ आहे. रेशीत त्याशिवाय ट्रायटर्पिन गटातले कडू पदार्थ असतात. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर यांचे बरेच परिणाम दिसले आहेत, मात्र माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. लायन्स मेनचा नेहमी सांगितला जाणारा अभ्यास जपानमध्ये झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. स्मरणशक्ती किंचित कमी झालेल्या, ५० ते ८० वयाच्या सुमारे ३० जणांवर तो केला होता. ज्यांना रोज ३ ग्रॅम पूड १६ आठवडे दिली, त्यांचे चाचणीतले गुण सुधारले. पूड बंद केल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले. जाहिरातीत पहिला भाग सांगतात, दुसरा सांगत नाहीत. शिवाय तिथे मात्रा रोज ३ ग्रॅमची होती, आणि आपल्या कपात किती पडते तो हिशेब धुळ्याच्या प्रश्नात केला आहे.

आमचं मत असं: तब्येत चांगली आहे, कुठलंही औषध चालू नाही, चव आवडते आणि खर्च झेपतो, अशा माणसाने ही कॉफी पेय म्हणून प्यायला हरकत नाही. आजार बरा करण्यासाठी मात्र ती घेऊ नये.

पूड कॉफीत टाकली की गुठळ्या होतात आणि कप संपताना तळाशी वाळूसारखा गाळ लागतो. गूळ घातला तर दूधही फाटतं. नीट कशी करायची? आमच्याकडे खरं तर चहाच जास्त चालतो, चहात चालेल का? (वाचक भगिनी, भुसावळ)

ताई, आधी तुमच्या डब्यात साधी पूड आहे की अर्क, ते बघा, कारण दोन्हींची रीत वेगळी आहे.

साधी पूड म्हणजे अळंबी वाळवून दळलेली. तिच्या पेशीभिंतीत कायटिन असतं. झिंग्याच्या कवचात असतं तेच हे. आपल्या पोटाला ते नीट पचत नाही आणि बीटा-ग्लुकन त्यातच अडकून राहतं, म्हणून साधी पूड गरम कॉफीत नुसती ढवळून उपयोग नाही, ती उकळावी लागते. १ ग्रॅम पूड आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवून पेस्ट करा. बेसन कालवताना थोड्या पाण्यात आधी घट्ट कालवतो, तसंच. कोरडी पूड एकदम उकळत्या पाण्यात पडली की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतली पूड कोरडीच राहते. तीच तुमची गुठळी. पेस्ट झाली की २५० मिली पाण्यात घालून मंद आचेवर १५ मिनिटं उकळा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं फेस येऊन उतू जातं, म्हणून भांडं मोठं घ्या आणि समोर उभ्या राहा. १५० ते १७५ मिलीपर्यंत आटलं की त्यात कॉफी घाला. उकळल्याने बीटा-ग्लुकन नष्ट होत नाही, उलट पाण्यात उतरतं. गाळ नकोच असेल तर पातळ सुती कपड्यातून गाळून घ्या. पाण्यात उतरलेला भाग कपातच राहतो.

रोज १५ मिनिटं उभं राहणं जमत नसेल तर ३ ग्रॅम पूड ४०० मिली पाण्यात उकळून ३०० मिली करा, निववून काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवस रोज १०० मिली गरम करून वापरा. एप्रिल-मेमध्ये बराच वेळ वीज गेली असेल आणि बाटली कोमट झाली असेल तर ते पाणी टाकून द्या.

अर्क म्हणजे अळंबी आधीच गरम पाण्यात, काही वेळा पाणी आणि अल्कोहोल दोन्हींत उकळून, आटवून केलेली पूड. ती विरघळते. अर्धा ग्रॅम ते १ ग्रॅम अर्क थोड्या कोमट पाण्यात कालवून थेट तयार कॉफीत घाला, उकळायची गरज नाही. पाकिटावर याहून कमी मात्रा दिली असेल तर तीच पाळा. रेशीचे कडू ट्रायटर्पिन नुसत्या पाण्यात फारसे उतरत नाहीत, म्हणून रेशीच्या पाकिटावर दुहेरी अर्क असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे.

मोजायला चमचा वापरू नका. दाबून भरलेला चमचा आणि सैल भरलेला चमचा यांत दुपटीचा फरक पडू शकतो. तीन-चारशे रुपयांत खिशातला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. जुन्या मापात सांगायचं तर १ ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मासा. ज्यांच्या घरी सोनं तोलायची माहिती आहे त्यांना किती ते लगेच कळेल.

दूध फाटतं ते अळंबीमुळे नाही. गुळात आम्लाचा अंश असतो, कॉफीतही असतो, आणि उन्हाळ्यात दूध आधीच थोडं आंबायच्या वाटेवर असतं. तिन्ही गोष्टी उकळत्या भांड्यात भेटल्या की फाटायला वेळ लागत नाही. दूध वेगळं उकळा, गॅस बंद करून एक मिनिट थांबा, मग कॉफीत ओता आणि गूळ सगळ्यांत शेवटी घाला.

चहातही चालेल. पूड घातलेलं पाणी १५ मिनिटं उकळून झाल्यावरच चहापत्ती टाका. पत्ती आधीपासून उकळत ठेवली तर चहा कडू होतो आणि पुडीला दोष मिळतो.

पहिल्या आठवड्यात पाव मात्राच घ्या, आणि काही खाल्ल्यावर. पोट फुगणं, पातळ शौचाला होणं या तक्रारी बहुतेक वेळा एकदम पूर्ण मात्रा उपाशीपोटी घेतल्याने होतात. अंगाला खाज आली, पुरळ उठलं किंवा ओठ सुजले तर पूड बंद. मात्रा कमी करून पुन्हा बघायचं नाही. श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना.

एका पाकिटावर ‘४० टक्के पॉलिसॅकराइड’, दुसऱ्यावर ‘८:१ अर्क’, तिसऱ्यावर ‘१० अळंब्यांचं खास मिश्रण’. किमतीत तिपटीचा फरक. घ्यायचं कोणतं? (एक वाचक, धुळे)

तिन्ही दावे अर्धवट आहेत. पॉलिसॅकराइडमध्ये बीटा-ग्लुकन येतं, तसाच साधा स्टार्चही येतो आणि भर म्हणून घालतात ते माल्टोडेक्स्ट्रिनही. तांदळाच्या पिठातही पॉलिसॅकराइड भरपूर असतं. म्हणून पाकिटावर बीटा-ग्लुकनचा आकडा वेगळा लिहिला आहे का ते बघा, आणि स्टार्च किंवा अल्फा-ग्लुकनचा आकडा दिला असेल तर आणखी चांगलं. ८:१ म्हणजे आठ किलो सुक्या अळंबीपासून एक किलो अर्क. त्यावरून अर्क किती आटवला ते कळतं, त्यात काय उतरलं ते कळत नाही.

खास मिश्रणाचा हिशेब करून बघा. समजा १०० ग्रॅमचं पाकीट आहे आणि एका कपाला २.५ ग्रॅम सांगितलं आहे, म्हणजे ४० कप. बारीक अक्षरात लिहिलंय की एका कपात चार अळंब्या मिळून ५०० मिलिग्रॅम. सारख्या वाटल्या तर एकेक अळंबी १२५ मिलिग्रॅम. जपानच्या अभ्यासात लायन्स मेनची साधी पूड रोज ३,००० मिलिग्रॅम होती, म्हणजे २४ पट. कपातला माल अर्क असेल तर हे अंतर कमी होतं, साधी पूड असेल तर तसंच राहतं. दहा अळंब्यांचं मिश्रण असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला चिमूटही येत नाही. आम्ही घेतली असती तर एकाच अळंबीची, आणि कॉफी वेगळी घेऊन घरी मिसळली असती. कॉफी किती आणि अळंबी किती हे मग आपल्या हातात राहतं.

पाकिटावर आणखी या गोष्टी शोधा: अळंबीचं शास्त्रीय नाव, फळ (म्हणजे अळंबीचा वर दिसणारा भाग) वापरलं की धान्यावर वाढवलेलं तंतुजाल, बॅच क्रमांक, तारीख, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांच्या चाचणीचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. अळंबी ज्यावर वाढते त्यातले जड धातू शोषून घेते, म्हणून हा अहवाल महत्त्वाचा. चांगला विक्रेता बॅच क्रमांकानुसार तो पाठवतो.

तंतुजालाचा मुद्दा थोडा खुलासा करून सांगायला हवा. काही कंपन्या बाटल्यांमध्ये तांदूळ, ज्वारी किंवा ओट्सवर बुरशीचे पांढरे तंतू वाढवतात आणि ते धान्यासकट वाळवून दळतात. धान्य वेगळं करता येत नाही, त्यामुळे पुडीत पिठाचा वाटा मोठा राहतो. ते घरच्या घरी पडताळता येतं. पाव चमचा पूड अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना रंग दिसत नाही, घाई केली की इथेच चुकतं. पाणी गढूळ असेल तर साधं पाणी घालून फिकट करा. मग जखमेला लावायच्या तपकिरी आयोडीनच्या औषधाचे दोन-तीन थेंब टाका. शेजारी दोन वाट्या तुलनेसाठी ठेवा, एकीत भाताची पातळ पेज आणि दुसरीत नुसतं पाणी, दोन्हींत तेवढेच थेंब. पेजेची वाटी निळी-काळी होईल, पाण्याची पिवळट-तपकिरी राहील. तुमची पूड पेजेकडे गेली तर त्यात धान्याचा स्टार्च आहे. लालसर-तपकिरीवर थांबली तर फारसा नाही. ही परीक्षा साध्या पुडीवरच करा. कॉफी मिसळलेल्या पाकिटावर करू नका, कारण कॉफीचा रंग आड येतो आणि तिच्यातले पदार्थ आयोडीनचा रंगही उडवतात. झाल्यावर तिन्ही वाट्या ओतून द्या आणि घासून ठेवा. आणि लक्षात घ्या, रंग बदलला नाही म्हणून पूड उत्तम ठरत नाही, पिठाची भर नाही एवढंच ठरतं.

शंका मोठी असेल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेल्या पदार्थाची तपासणी करून घेऊ शकतो. पावती मात्र जपून ठेवायला हवी.

वडिलांना १२ वर्षांपासून शुगर आहे. ओळखीतल्या एकाने गॅनोडर्मा कॉफीचे डबे दिले आणि ‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतील’ म्हणाला. वडिलांनी रात्रीची गोळी बंदही केली. त्या माणसाला दुखवायचं नाही, पण भीती वाटते. (एक वाचक, चोपडा)

भाऊ, गोळी आजच सुरू करायला लावा आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीए१सी या तपासण्या करून घ्या. किती गोळ्या चुकल्या तेही डॉक्टरांना सांगा. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

टाइप २ मधुमेहावर रेशीचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. उपलब्ध अभ्यासांतून अशा वापराला आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. कर्करोगाबद्दलही त्यांचा वेगळा आढावा आहे. मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावी इतका पुरावा नाही, असं तो सांगतो. गोळ्या सुटतील हे आश्वासन या पुराव्यावर उभं राहू शकत नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. रेशी आणि कॉर्डिसेप्स यांच्यामुळे काही जणांची साखर थोडी उतरू शकते. गोळीची जागा घेण्याइतकी नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना त्यात भर पडली तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम भूक लागणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर माणूस शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. त्या डब्यांतली बरीच कॉफी थ्री-इन-वन असते, म्हणजे साखर आणि दुधाची भुकटी आधीच मिसळलेली. मागची पोषणमूल्यांची चौकट वाचा. मधुमेही माणूस दिवसाला असे तीन कप प्यायला तर काय होईल ते तिथेच कळेल.

मधुमेहाशिवाय आणखी कुणी सावध राहायचं तेही याच उत्तरात सांगतो, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांत हाच प्रश्न आहे. रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, म्हणजे वॉरफेरिन, ॲसिनोकुमॅरॉल, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन. रेशीमुळे रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते, म्हणून यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, दात काढायचा असेल तरीही निदान दोन आठवडे आधी बंद. मूत्रपिंड बदललेले, किंवा संधिवात, ल्युपस अशा आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे: अळंबी प्रतिकारशक्तीला चाळवते आणि औषध तिला दाबत असतं, दोन्हींची ओढाताण होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर घरी रोज मोजून नोंद ठेवा. यकृताचा आजार असलेल्यांनी रेशीच्या पुडीपासून लांब राहावं. पूड घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी पुरेशी माहितीच नाही, त्यांनी आणि लहान मुलांनी घेऊ नये.

कॉफीचा स्वतःचाही अडथळा असतो. थायरॉइडची गोळी घेतल्यावर निदान अर्धा ते एक तास कॉफी नको, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. हिमोग्लोबिन कमी म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि त्या कॉफीबरोबर गिळायच्या, हे बऱ्याच घरांत चालतं. गोळी आणि कॉफी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

त्या ओळखीच्या माणसाला दुखवायचं नसेल तर एवढंच म्हणा: ‘दादा, डब्यावर हे लिहून दाखवा.’ आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना असते, कारण आजार बरा होतो असा दावा अन्नपदार्थावर करताच येत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यानेच बंद केलेली आहे. आणि ‘तुम्ही दोन जण जोडा, तुमची कॉफी फुकट’ असं पुढचं बोलणं निघालं, तर माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळीला थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत मनाई आहे. डबे परत घेत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मला दोनदा मुतखडा झाला. चागाची कॉफी ‘किडनी साफ करते’ असं ऐकलं. घेऊ का? (एक वाचक, यावल)

घेऊ नका. चागात ऑक्झलेट खूप असतं, आणि आपल्याकडे होणारे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, तपासणीत मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक सापडले आणि डायलिसिस करावं लागलं. ही नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांची मात्रा मोठी होती हे खरं, पण त्यांच्या भागात आपल्यासारखं ४५ अंशांचं ऊनही नव्हतं. मे महिन्यात केळीच्या बागेत किंवा कापसाच्या गाडीवर दिवसभर काम करणाऱ्याचं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट पिवळी होते आणि त्यात ऑक्झलेटचे कण जमायला वेळ लागत नाही. तुमच्यासाठी उपाय पाण्याचाच आहे: लघवी दिवसातून दोन ते अडीच लिटर व्हावी इतकं पाणी. बाहेर काम असेल तर त्यासाठी तीन-साडेतीन लिटर पाणी प्यावं लागतं, कडक उन्हात त्याहूनही जास्त. मिश्रणाच्या पाकिटातही चागा असतो, तेव्हा घटकांची यादी वाचूनच कप हातात घ्या.

आमच्या घरी पूर्ण शाकाहार. कॉर्डिसेप्स म्हणजे किड्यातून उगवणारी कीडाजडी, असं वाचलं. मग ती कॉफी चालेल का? (वाचक भगिनी, अमळनेर)

ताई, वाचलंत ते हिमालयातल्या जातीबद्दल. उत्तराखंडात पिथोरागड, चमोलीच्या उंच कुरणांवर जमिनीतल्या अळीला ही बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून तपकिरी काडी वर येते. तिचा भाव किलोला लाखांत जातो, त्यामुळे काहीशे रुपयांच्या कॉफीच्या डब्यात ती असणं शक्य नाही. डब्यात असते ती कॉर्डिसेप्स मिलिटारिस, नारिंगी काड्यांची दुसरी जात. ती काचेच्या बरणीत, वातानुकूलित खोलीत, बहुधा तांदळावर वाढवतात. काही ठिकाणी रेशमाच्या किड्याच्या कोषावरही वाढवतात, म्हणून कशावर वाढवली ते विक्रेत्याला विचारा आणि चौकटीतला हिरवा ठिपका बघा. कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असू शकतं. पूड घेतली की तो प्रश्न राहत नाही. चातुर्मासात अळंबी मुळात चालते का, हे मात्र तुमच्या घरच्या रीतीनेच ठरवा.

शेताच्या बांधावर बाभळीच्या खोडाला लाल-तपकिरी, चकाकणारी छत्री आली आहे. फोटो पाहून मित्र म्हणतो रेशीच आहे. दळून वापरू का? (एक वाचक, शहादा)

गॅनोडर्मा गटातली असू शकते, बाभूळ आणि इतर झाडांच्या बुंध्याला ती पावसाळ्यात येते. पण या गटात दिसायला सारख्या अनेक जाती आहेत आणि फोटोवरून जात ठरत नाही. बांधाच्या एका बाजूला कापूस असेल तर फवारणीचा अंशही तिच्यात असणार. वापरू नका. दुसरं, बुंध्याला ही छत्री येते म्हणजे आतलं लाकूड किंवा मुळं कुजायला लागली आहेत. वादळी पावसात त्या झाडाखाली गुरं बांधू नका, बसूही नका.

मृगाच्या पावसानंतर सातपुड्याच्या पायथ्याशी उगवणाऱ्या मऊ, पांढऱ्या छत्र्यांबद्दल तर अधिक कडक सांगतो. वाळवून पूड करणं, उकळणं, हळद किंवा लसूण घालून रंग बघणं, चांदीचं नाणं टाकणं, यांतल्या कशानेही विषारी छत्री ओळखता येत नाही आणि तिचं विषही जात नाही. सर्वांत घातक जातीत उलट्या-जुलाब सहसा सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत खराब होत जातं. खाल्ल्यावर त्रास झाला तर उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि लगेच जिल्हा रुग्णालयात जा. बरं वाटलं तरी घरी थांबू नका.

आम्ही गव्हाच्या भुश्श्यावर धिंगरी (ऑयस्टर) अळंबी घेतो. उरलेली वाळवून तीच कॉफीत घातली तर? महागडी पूड कशाला? (महिला बचत गट, रावेर तालुका)

विचार अगदी बरोबर आहे, फक्त कॉफीत नको. धिंगरीतही बीटा-ग्लुकन चांगलं असतं, पण तिची चव रश्श्याची आहे, कॉफीत ती खारट-बेचव लागते. पिठल्यात, डाळीत, शेवभाजीच्या रश्श्यात, कळण्याच्या पिठात ती सुरेख मिसळते, आणि तिथे शिजतेही पूर्ण.

ताज्या धिंगरीत जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, म्हणून १० किलोची साधारण १ किलो सुकी होते. भाव ठरवताना हे धरा, नाहीतर तोट्यात जाल. डागाळलेली, पाणी सुटलेली धिंगरी वाळवायला घेऊ नका. वाळल्यावर वास अधिक उग्र होतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडा, जाळीवर एकाच थरात पसरा. ड्रायर असेल तर ५० ते ५५ अंश. त्यावर तापमान गेलं की बाहेरून कडक, आतून ओलसर राहते आणि पंधरा दिवसांत बुरशी धरते. मार्च ते मे उन्हात, पातळ कपड्याखाली, साधारण दोन दिवसांत वाळते. सुरुवातीचा तासभर कपडा काढून खालच्या पडद्यांची बाजू सूर्याकडे ठेवा, त्याने तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाच्या भरवशावर राहू नका. पट्टी वाकवली तर कटकन तुटली पाहिजे. वाकून राहिली तर अजून वाळायची आहे. गार झाल्यावरच दळा, गरम दळली की मिक्सरला चिकटते.

भुसा संपला तर केळीचे वाळलेले खांब आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करून त्यावरही धिंगरी येते. काढणीला उशीर झाला की तिची पांढरी भुकटी खोलीभर उडते आणि रोज श्वासात गेली तर खोकला, दम, संध्याकाळचा ताप मागे लागतो. कडा खाली वळलेल्या असतानाच काढा, आत जाताना मास्क लावा. विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, आणि पाकिटावर कुठल्याही आजाराचं नाव लिहू नका.

मशरूम कॉफीने झोप उडत नाही म्हणतात. खरं का? (एक वाचक, पाचोरा)

कॅफीन कमी असतं ते कॉफी कमी घातल्यामुळे, अळंबीमुळे नाही. साध्या इन्स्टंट कॉफीच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे सुमारे २ ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. निम्म्या कॉफीच्या जागी पूड असेल तर ३०. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यात चहाही मोजायचा. कॅफीनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा दुपारी तीननंतर घेऊ नका.

पावसाळ्यात पूड दगडासारखी झाली. फोडून वापरली तर चालेल? (एक वाचक, साक्री)

अर्काची पूड हवेतलं पाणी ओढते. नुसता घट्ट गोळा झाला असेल, वास आणि रंग पहिल्यासारखा असेल, तर फोडून पंधरा दिवसांत संपवा. कुबट वास, हिरवा-काळा ठिपका किंवा जाळीसारखे तंतू दिसले तर पूर्ण डबा टाका, वरचा थर काढून खालची वापरू नका. नवीन डबा आणलात की ५० ग्रॅम रोजच्या बरणीत काढा आणि बाकीची घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब, अंधाऱ्या फळीवर ठेवा. उकळत्या भांड्यावर धरून बरणीतून पूड ओतू नका, वाफ आत शिरते. चमचा कोरडाच हवा.